हँडबिलावरची अक्का

मुलांनो,

तुमच्यातल्या थोरलीची ई-मेल मागच्या मंगळवारी आली. ती राहते त्या गावात आपल्या नगरपालिकेसारखी सभा असते, तिच्यासाठी ती उभी राहते आहे. वाचून आनंद झाला. खाली तिने स्वतःचे दोन फोटो पाठवले होते, एक चष्मा लावलेला आणि एक न लावलेला, आणि विचारलं होतं, "आजी, पोस्टरवर कोणता टाकू? खरं सांग, कुठल्या फोटोतल्या बाईला तू मत देशील?"

मी दोन्ही फोटो कागदावर छापून घेतले. आज आठ दिवस झाले, उत्तर दिलेलं नाही. पत्राला उत्तर द्यायला मी कधी उशीर करत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून कारण सांगणं मला भाग आहे. पूर्वी एकदा एका बाईचा फोटो मी असाच ठरवला होता. त्याने तिचं जे गेलं ते परत आलं नाही. तुमच्या आईवडिलांना मी यातलं अर्धंच सांगितलं आहे. मी ऐंशीच्या जवळ आले, आणि हे सगळं माहीत असणारं आता माझ्याशिवाय कोणी नाही. तेव्हा क्रमाने सांगते.

महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि जिल्हा परिषदा त्याहून नव्या. बुलढाण्याला तुमचे आजोबा वकिली करत. माझं माहेर पुण्याचं, बी.ए.ला इंग्रजी घेतलेलं. गावात कोणाला सरकारदरबारी इंग्रजी अर्ज लिहून हवा असला की तो बैठकीतून आत माझ्याकडे येई. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मी इथल्या बोलण्याला मनातल्या मनात हसत असे. हेही लिहून ठेवते, कारण पुढे जे घडलं ते त्याच स्वभावातून घडलं.

अक्का आमच्याकडे पहिल्यांदा आली ती बांधाच्या दाव्यासाठी. देऊळघाटच्या पलीकडे तिचं गाव. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. आठ एकर जमीन, दोन मुलगे आणि म्हातारी सासू एवढं सगळं ती एकटी पाहत होती. गावात लहानथोर तिला अक्काच म्हणत, म्हणून मीही तेच म्हणू लागले. लहानपणी तिला देवी आल्या होत्या. गाल, नाक, कपाळ, सगळ्या चेहऱ्यावर वण होते, दाट आणि खोल, आणि डाव्या डोळ्याची पापणी खाली ओढलेली. पहिल्या दिवशी मी तिला चहा दिला तेव्हा कपाकडे पाहत दिला.

तिची गरज काय होती ते सांगते. तिच्या बाजूच्या चौदा खेड्यांना मिळून एकही दवाखाना नव्हता. दोन मुलग्यांच्या मधली तिची मुलगी बैलगाडीतून बुलढाण्याला आणताना वाटेतच गेली होती. अक्काला दवाखाना हवा होता, बाकी काही नाही. आणि तो होईपर्यंत ती देवीडॉक्टरबरोबर गावोगाव हिंडत असे. देवी टोचायला येणाऱ्या सरकारी माणसाला लोक देवीडॉक्टर म्हणत. त्याला पाहिलं की बाया मुलं लपवत. एकदा मी तिच्याबरोबर गेले होते. एका घरात एका बाईने पोरीला धान्याच्या कोठीमागे दडवलं आणि आतून कडी लावली. अक्का उंबऱ्याबाहेर फतकल मारून बसली.

"दार उघडू नको, बाई. पण फटीतून माह्या तोंडाकडं पाह्य."

फटीशी एक डोळा आला.

"पाह्यलं? माह्या मायनंबी मले अशीच कोठीमागं लपवली होती. बेज्जा लाड होता तिले माहा. आता तूच सांग, तुह्या पोरीले दंडावर दोन वण पाह्यजेत का माह्यासारखं तोंड पाह्यजे?"

थोड्या वेळाने कडी निघाली. परतताना देवीडॉक्टर मला म्हणाला, "बाई, यांचं तोंड नसतं ना, तर या गावांत मला दगड पडले असते." त्याचं म्हणणं मी ऐकलं, पण त्याचा अर्थ मला लागला नाही.

जिल्हा परिषदेची निवडणूक आली तेव्हा अक्काचं नाव तुमच्या आजोबांनीच काढलं. पक्षाची मंडळी आमच्या बैठकीत जमली. मी आतल्या दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. खामगावचे एक जिनिंगवाले होते, त्यांच्या शब्दाला वजन होतं आणि शरीरालाही.

"बाई कामाची आहे, नाही म्हणत नाही," ते म्हणाले. "पण वकीलसाहेब, स्टेजवर बसवली का दिसलं पाह्यजे ना काही?"

"एकदम समोर आली का मानूस दचकते," दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले.

तुमचे आजोबा म्हणाले, "तुम्ही आज आरशात पाहिलं होतं का, शेठजी?"

जिनिंगवाले स्वतःच मोठ्याने हसले. पोट हलेपर्यंत हसले. "आमचं काय, वकीलसाहेब! आम्ही बाप्ये. आमच्या तोंडाकडं कोण पाह्यते?"

मला राग आला. पण राग आल्यावर मी काय केलं, ते पाहा. मी ट्रे घेऊन बाहेर गेले, चहा दिला आणि मनात ठरवलं की यांना दाखवते, अक्का कशी दिसू शकते ते. त्या माणसांचा प्रश्नच चुकीचा होता. मी तो तसाच उचलला आणि सोडवायला बसले. शाळेत हुशार मुली करतात तसं.

तिकीट मिळालं. तुमच्या आजोबांनी दोन दिवस भांडून मिळवलं. मी कामांची यादी केली आणि पहिल्या ओळीत लिहिलं: फोटोचं हँडबिल.

अक्काला ते पटलं नाही. "चिन्ह छापा ना, बाई. माहं तोंड काऊन पाह्यजे? मले तं सारे ओयखतात."

"चौदा गावं ओळखतात. बाकीची कुठे ओळखतात?"

माझ्या शिक्षणावर तिचा विश्वास होता, म्हणून ती तयार झाली. मी माझी बारीक काठाची पांढरी साडी तिला नेसवली, पदर दोन ठिकाणी टाचला, केसांना तेलाचा हात लावला. बाजाराच्या रस्त्यावर एक स्टुडिओ होता. म्हातारा फोटोग्राफर काळ्या कपड्याखाली डोकं घालून सारखा म्हणत होता, "हनुवटी खाली, माय. अजून खाली. आता हसू नका." अक्का हसत नव्हतीच. फोटो झाला तशी ती बाहेर बैलांकडे गेली आणि फोटोग्राफरने मला जवळ बोलावलं.

"वण ठेवू का काढू?"

मला हे काढतात कसे ते माहीत नव्हतं. त्याने दाखवलं. तिरक्या लाकडी चौकटीत निगेटिव्ह अडकवायची, मागून आरशाने उजेड पाडायचा आणि टोक सुईसारखं केलेल्या पेन्सिलीने एकेक खड्डा भरत जायचं. निगेटिव्हवर पेन्सिल लागली की कागदावर तिथे कातडी सपाट उमटते. "बायांचे मी सारेच काढतो," तो म्हणाला. "लग्नासाठी फोटो काढाले येतात ना, त्यांचं पयलं सांगणं हेच राह्यते."

"थोडे कमी करा," मी म्हटलं.

"थोडे म्हंजे किती?"

"दिसायला बरं दिसेल इतके."

त्याने मान हलवली. मी अक्काला विचारलं नाही. ती पाच पावलांवर उभी होती.

चार दिवसांनी फोटो आला. त्यात पस्तिशीची, शांत डोळ्यांची एक बाई होती. गाल नितळ होते, पापणीसुद्धा जरा सावरलेली. मला इतकं समाधान वाटलं की मी तो तुमच्या आजोबांना दोनदा दाखवला. ते एवढंच म्हणाले, "छान आहे. कोण आहे?" मला वाटलं, थट्टा करतात. मी मजकूर सुवाच्य अक्षरात लिहिला, फोटो जोडला आणि खामगावच्या छापखान्यात पाठवून दिला.

प्रूफ माझ्याकडेच आलं. मी एकेक अक्षर तपासलं, दोन चुका काढल्या, एक वेलांटी आणि एक राहिलेला अनुस्वार. फोटो पाहिला, आणि "ठीक" लिहून परत पाठवलं. हँडबिलांचे गठ्ठे वेळ वाचावा म्हणून खामगावहून परस्पर गावोगावच्या बाजारांत गेले. ही सोयही माझीच.

तिसऱ्या दिवशी दुपारी अक्का आली. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ होती, म्हणजे चालत आली होती. बैठकीत न थांबता सरळ स्वयंपाकघरात आली आणि कमरेला खोचलेलं हँडबिल काढून माझ्यासमोर ओट्यावर ठेवलं.

"हे कोण आहे वो, बाई?"

"तुम्हीच आहात, अक्का."

"मी? मंग कुंकू कोणाच्या नावाचं लावलं म्या?"

मी हँडबिल उजेडात धरलं. त्या नितळ कपाळावर मधोमध, भुवयांच्या वर, एक गोल काळा ठिपका होता.

"सासूले दिसत नाही," अक्का म्हणाली. "तिले कोणंतरी वाचून सांगतलं, फोटोत काय हाय ते. तिनं मले काही शिव्या नाही देल्या. इतकंच इचारलं, माहा पोरगा मेला ते खोटं होतं काय वो?"

मी हँडबिल ओट्यावर पालथं ठेवलं.

"गावात म्हणून राह्यले, अक्कानं पाट लावला." विधवेच्या दुसऱ्या लग्नाला तिकडे पाट म्हणत. "कोणाशी लावला तेबी सांगून राह्यले. एकानं तं तुमच्या वकीलसाहेबांचंच नाव घेतलं. हसा आता."

मी हसले नाही. छापखान्याची चूक आहे, मी आजच पत्र लिहिते, दुरुस्ती छापून घेऊ, असं काहीतरी मी भराभर बोलत राहिले. पत्र मी लिहिलंही, आणि मालकाचं उत्तर परतीच्या टपालाने आलं, अगदी नम्र. फोटोत बायकांचं कुंकू नीट उठत नाही, फिकं पडतं किंवा दिसतच नाही, म्हणून आम्ही छपाईचा ब्लॉक करण्याआधी फोटोवर शाईने ते नेहमीच भरून घेतो, आपल्या फोटोतही ते उठलं नव्हतं, तरी त्याचे वेगळे पैसे लावलेले नाहीत. त्याच्या समजुतीप्रमाणे त्याने माझी राहिलेली गोष्ट पुरी केली होती. मजकुरात मी कुठेही ती विधवा आहे असं लिहिलं नव्हतं. ते लिहिलं तर बरं दिसणार नाही, असं मला वाटलं होतं.

प्रूफ पाहताना तो ठिपका मला खरंच दिसला नाही का? पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगितलं की नाही दिसला, मी अक्षरं तपासत होते. आता मला तितकी खात्री वाटत नाही. कदाचित दिसला असेल, आणि चेहरा पूर्ण झाल्यासारखं वाटलं असेल.

पण त्या दुपारचं अजून संपलेलं नाही. अक्काने माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग हँडबिलावरच्या गालावर बोट ठेवलं.

"कुंकवाचं तं प्रेसवाल्यानं केलं. आन हे?"

तिचं बोट गालावरून नाकाकडे सरकलं.

"हे कोणं पुसलं?"

"मी सांगितलं होतं," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"इतकी वर्सं येऊन राह्यली मी तुमच्या घरी. माह्याकडं पाह्यताना तुम्हाले कसंसं होत होतं काय?"

मी नाही म्हटलं. ते पूर्ण खरं नव्हतं, आणि तिला ते कळलं. तिने पाणीही घेतलं नाही.

दुरुस्तीचं हँडबिल काढायला वेळ उरला नव्हता. शेवटची सभा तिच्या गावाजवळच्या मोठ्या गावात होती, तिथे मी तुमच्या आजोबांबरोबर गेले. अक्का स्वतःच्या जुन्या लुगड्यात आली होती. ती भाषण करत नसे, बोलत असे. दवाखान्याचं बोलली, आपल्या मुलीचं बोलली, आणि मग सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "माह्या तोंडाकडं पाह्या."

मागून एक जण हँडबिल उंच धरून ओरडला, "पाह्यलं ना, अक्का! कागदावर तं साफ हाय. कोणतं औषध लावलं? आम्हालेबी सांगा!"

हशा पिकला. दुसरा म्हणाला, "नवऱ्यानं आणून देलं असंन!" त्यावर तर बायकांच्या बाजूलाही पदर तोंडाला गेले. अक्का दवाखान्याचं जे राहिलं होतं ते बोलली आणि खाली बसली. पुढच्या रांगेतली दोन अनोळखी म्हातारी माणसं आपसांत म्हणत होती, "हे ते बाई नोहे. फोटोतली येणार होती ना?"

ती पडली. तिच्या स्वतःच्या गावातही तिला कमी मतं पडली. दुसरीही कारणं असतील, तुमचे आजोबा ती मला पुष्कळ दिवस मोजून दाखवत. मी त्यांचं म्हणणं खोडलं नाही.

निवडून आलेल्यांत बाई एकही नव्हती, म्हणून कायद्याप्रमाणे एक बाई सभासद म्हणून घ्यायची होती. जिनिंगवाले आमच्याकडे पेढे घेऊन आले आणि या वेळी थेट माझ्याशी बोलले. "वहिनी, तुम्ही व्हा. शिकलेल्या आहात, चार पाहुणे आले तर शोभून दिसाल." मी तुमच्या आजोबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "तू ठरव." मी हो म्हटलं. दवाखान्याचा विषय मीच लावून धरीन, असं कारण मी स्वतःला दिलं.

तो विषय मी तीन वेळा मांडला. तिसऱ्या वेळी टिपण वाचून खाली बसले तेव्हा एक सभासद म्हणाले, "बाई वाचतात किती गोड!" सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुढचा विषय घेतला. मंत्री आले की हार माझ्या हातात देत. माझे त्या वर्षांतले पुष्कळ फोटो आहेत, तुम्ही ते पाहिले आहेत, आणि "आजी, तू किती सुंदर होतीस" असं म्हणालाही आहात. दवाखाना झाला, पण सभापतींच्या गावी, अक्काच्या खेड्यांपासून नऊ मैलांवर.

दुसऱ्या वर्षी देवीडॉक्टर मला रस्त्यात भेटला. मी अक्काची चौकशी केली. तो म्हणाला, "त्या आता येत नाहीत माझ्याबरोबर. बोलवायला गेलो होतो. म्हणाल्या, माहं तोंड आता कामाचं नाही राह्यलं, लोक हसतात." त्या वर्षी तिकडच्या किती मुलांना देवी टोचायच्या राहिल्या, ते मी त्याला विचारू शकले असते. विचारलं नाही.

अक्का आमच्या घरी पुन्हा आली नाही. मी दोनदा तिच्याकडे गेले. तिने मला गूळ-पाणी दिलं, मुलांची विचारपूस केली. सासू खाटेवर बसलेली असे. त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही.

ती गेली त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तेराव्यानंतर तिचा थोरला मुलगा माझ्याकडे आला. भिंतीवर लावायला आईचा फोटो हवा होता, आणि तिने आयुष्यात एकच फोटो काढला होता. आम्ही दोघे स्टुडिओत गेलो. म्हातारा फोटोग्राफर गेला होता, त्याचा पुतण्या बसत होता, आणि त्याने जुन्या खोक्यातून निगेटिव्ह शोधून काढली. कुंकू तिच्यावर नव्हतं, ते फक्त छापखान्याच्या प्रतीवर भरलेलं होतं. मी पुतण्याला विचारलं, पेन्सिल निघते का? तो म्हणाला, स्पिरिटचा कापूस फिरवला की निघेल, खालचा चेहरा जसाच्या तसा आहे. मी अक्काच्या मुलाला ते समजावून सांगितलं. म्हटलं, तुझी आई होती तशी दिसेल.

त्याने निगेटिव्ह खिडकीशी धरली, मग खोक्यातली फोटोची जुनी प्रत पाहिली.

"राहू द्या, बाई," तो म्हणाला. "हे साजरी दिसते."

तो मोठा केलेला फोटो त्या घरात आहे. घरातल्या नातवंडांना आजीला देवी आल्या होत्या हे माहीत नाही. मी एकदा सांगायला गेले तर त्यांनी फोटोकडे बोट दाखवलं. स्टुडिओ बंद झाला तेव्हा निगेटिव्ह मी मागून घेतली. ती माझ्या कपाटात, एका लिफाफ्यात आहे. तिच्यावरची पेन्सिल मी पुसलेली नाही.